गाठीतील बारीक सुई : पेशींचा नमुना कसा घेतात आणि कसा जपतात

मानेवर, काखेत, स्तनात किंवा गळ्याच्या पुढील भागात हाताला गाठ लागली आणि दोन आठवड्यांनंतरही ती तशीच राहिली, तर डॉक्टर पुष्कळदा सुईची तपासणी करून घेण्यास सांगतात. चिठ्ठीवर बहुधा ‘एफएनएसी’ एवढीच अक्षरे असतात. या तपासणीत गाठ कापून काढत नाहीत. बारीक पोकळ सुईने गाठीतील काही पेशी बाहेर घेतात, त्या काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाठ कशाची आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा यातून मिळते. पुढील तपासणी कोणती करावी हे तर निश्चितच कळते.

झाशी जिल्ह्यातील गरौठा आणि गुरसराय परिसरात, तसेच खुद्द झाशी शहरात, गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत. त्या घरांतील वृद्ध माणसे मानेवरच्या गाठींना आजही ‘गंडमाळा’ म्हणतात. शेजारी त्याच विकाराला ‘कंठमाला’ म्हणतात. नाव जुने आहे आणि आजारही जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे वर्णन एकाच अध्यायात केलेले आढळते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून वेगवेगळ्या असतात, हे तेव्हाच्या वैद्यांनाही ठाऊक होते; परंतु आत पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन आज आहे. अडचण अशी की पेशी वाचणारे विकृतिशास्त्रज्ञ तहसील पातळीवरील आरोग्य केंद्रात सहसा नसतात आणि गरौठ्याहून झाशीचा रस्ता पाऊणशे किलोमीटरहून अधिक आहे. त्यामुळे नमुना कसा घेतला, कसा ठेवला आणि कसा पोहोचवला, या गोष्टींना येथील कुटुंबांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. म्हणून त्या या पत्रकात तपशिलाने दिल्या आहेत.

सुईमुळे गाठ पसरते का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो, आणि याच भीतीने कित्येक रुग्ण महिनोन्महिने लेप, शेक व डाग देण्यात घालवतात. या तपासणीतील सुई साधारणतः 22 ते 25 गेजची असते, म्हणजे तिची बाहेरची जाडी सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर भरते. दंडात इंजेक्शन देण्यासाठी हीच सुई वापरतात. इतक्या बारीक सुईच्या मार्गावर कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत, परंतु ती अत्यंत विरळ आहेत. उलट, निदान न झालेली कर्करोगाची गाठ सुई न लावताही वाढत राहते आणि पसरतही राहते. वृषणातील गाठीसारख्या काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई घालत नाहीत आणि दुसरा मार्ग निवडतात. स्पंदन पावणारी, म्हणजे नाडीप्रमाणे उडणारी गाठ असेल तर तीही आधी सोनोग्राफीने पाहतात. कोठे सुई घालावी आणि कोठे घालू नये, याचे नियम ठरलेले आहेत. ते नियम सोडून कोणी सुई घालत नाही.

‘पसरते’ या समजुतीला एक कारण असावे. क्षयरोगाची मऊ झालेली गाठ गावातील बोगस डॉक्टरने ब्लेडने फोडली की तेथून पू वाहू लागतो आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यालाच लोक नासूर म्हणतात. ते चिरा देण्याचे फळ आहे. बारीक सुई घालताना गाठीवरची पातळ, लाल झालेली त्वचा टाळतात आणि बाजूच्या निरोगी त्वचेतून गाठीत शिरतात, ते याच कारणासाठी.

सुई घालण्याची रीत

या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही आणि भूलही सहसा देत नाहीत. भुलेच्या सुईचा त्रास जवळजवळ या सुईइतकाच असतो. रुग्णाने आधी एवढे मात्र अवश्य सांगावे : रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन), जखम झाल्यास रक्त लवकर थांबत नाही अशी प्रवृत्ती आहे का, आणि स्त्री गर्भवती आहे का. गर्भवती स्त्रीची तपासणी करता येते. डॉक्टरांना त्याची कल्पना असणे पुरेसे आहे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

रुग्णाला निजवून किंवा बसवून डॉक्टर दोन बोटांनी गाठ स्थिर धरतात. त्वचा स्पिरिटने पुसतात. सुई 10 मिलिलिटरच्या सिरिंजला जोडलेली असते. सुई गाठीत पोहोचली की सिरिंजचा दांडा मागे ओढून आत पोकळी निर्माण करतात आणि सुई गाठीच्या आतच वेगवेगळ्या दिशांनी थोडी मागे-पुढे करतात. सुईचे टोक पेशी खरवडते आणि त्या सुईच्या पोकळीत शिरतात. बाहेर काढण्यापूर्वी दांडा सोडून देतात. हे फार महत्त्वाचे आहे. दांडा ओढलेलाच राहिला तर सुई बाहेर येताना नमुना सिरिंजच्या नळीत उडतो आणि काचेवर काहीच उतरत नाही. सिरिंज रिकामी दिसली म्हणून नातेवाईक पुष्कळदा निराश होतात. वास्तविक चांगला नमुना सुईच्या पोकळीतच असतो आणि तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. काही गाठींत, विशेषतः थायरॉइडच्या, सिरिंज न लावता नुसत्या सुईने नमुना घेतात. त्यामुळे रक्त कमी येते.

हे सारे काही सेकंदांत उरकते. एकाच गाठीत दोन किंवा तीन वेळा सुई घालावी लागते; त्याचा अर्थ पहिली वेळ चुकली असा नव्हे, तर गाठीचा वेगवेगळा भाग पाहावयाचा असतो. नंतर कापसाचा बोळा त्या जागी पाच मिनिटे घट्ट दाबून धरावा. थोडी काळीनिळी छटा आणि किंचित दुखणे एक-दोन दिवस राहते. सूज झपाट्याने वाढली, ताप आला किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर मात्र लगेच आरोग्य केंद्रात यावे.

या पद्धतीचा इतिहासही थोडका सांगण्याजोगा आहे. 1904 मध्ये ग्रेग आणि ग्रे या दोन डॉक्टरांनी आफ्रिकेतील निद्रारोगाचे परजीवी लसिका ग्रंथीत सुई घालून शोधले होते. गाठीतील कर्करोगासाठी ही युक्ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन आणि एलिस यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची सुई 18 गेजची, म्हणजे आजच्यापेक्षा बरीच जाड होती. पुढे स्वीडनमधील फ्रान्झेन, झाजिचेक प्रभृतींनी बारीक सुई रूढ केली आणि तीच रीत जगभर गेली.

काचपट्टीवरील काही क्षण

निदानाचे खरे भवितव्य येथे ठरते. सुई उत्तम घातली आणि काचेवर नमुना बिघडला, तर रुग्णाला पुन्हा पाऊणशे किलोमीटर यावे लागते.

सुई काढल्यावर ती सिरिंजपासून वेगळी करतात, सिरिंजमध्ये हवा ओढतात, सुई पुन्हा जोडतात आणि तिचे टोक काचेला अगदी जवळ धरून नमुन्याचा थेंब हलकेच काचेवर सोडतात. दुरून जोराने उडवल्यास थेंब शिंतडतो आणि पेशी हवेतच सुकतात. मग दुसरी काचपट्टी त्यावर सपाट ठेवून, दाब न देता, सरकवतात. एक पातळ, अंगठ्याच्या नखाएवढा लेप तयार होतो. येथे हात जड असता कामा नये. लसिका ग्रंथीच्या पेशी फार नाजूक असतात. दाब पडला की त्यांची केंद्रके फाटून दोऱ्यांसारखी लांब होतात आणि तज्ज्ञाला त्या दोऱ्यांतून काहीही वाचता येत नाही. लेप जाड राहिला तर पेशी एकमेकींवर चढतात. रक्त अधिक आले आणि काचेवर थांबले, तर त्याची गुठळी होऊन पेशी तिच्यात अडकतात.

यानंतर लेपाचे दोन गट करतात, आणि दोन्ही गटांची वागणूक एकमेकांच्या नेमकी उलट असते. पहिल्या गटातील काचपट्ट्या ओल्या असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतात. क्षणभराचाही विलंब चालत नाही. कारण हवेत सुकू लागलेली पेशी फुगते, तिच्या केंद्रकाची रेषा पुसट होते आणि पॅपॅनिकोलाउ पद्धतीच्या रंगात ती धुरकट दिसते. झाशीच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा, पातळ लेप पाहता पाहता सुकतो. म्हणून अल्कोहोलची बरणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नसावी, हाताशीच असावी. जखम पुसण्याचे स्पिरिट हे या कामाचे अल्कोहोल नव्हे.

दुसऱ्या गटातील काचपट्ट्या मात्र शक्य तितक्या लवकर हवेत पूर्ण सुकवतात आणि नंतर गिम्सासारख्या रंगाने रंगवतात. येथे पावसाळा शत्रू ठरतो. दमट हवेत लेप हळूहळू सुकतो आणि पेशी आक्रसून जातात. तेव्हा काचपट्टी पंख्याखाली हलवून सुकवावी लागते. सुकलेला लेप उघडा ठेवणे हेही तितकेच वाईट. माश्या, मुंग्या आणि झुरळे त्यावरील पेशी अक्षरशः खाऊन टाकतात. हसू येण्याजोगी ही गोष्ट प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातील आहे.

काचपट्टीवर नाव व क्रमांक शिसपेन्सिलीने, काचेच्या खरखरीत टोकावर लिहितात. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने आपले नाव, वय आणि क्रमांक काचपट्टीवर व कागदावर सारखाच आहे ना, एवढे विचारण्यास संकोच करू नये. एका नावाची दोन माणसे एकाच दिवशी तपासणीला येणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

क्षयरोगाच्या शंकेत वेगळी नळी

मानेतील जुन्या गाठींमागे आपल्या देशात क्षयरोग हे फार मोठे कारण आहे. फुप्फुसात क्षय नसतानाही तो लसिका ग्रंथीत असू शकतो. खोकला नसतो, बेडक्यात जंतू नसतात, आणि म्हणून घरात कोणालाही त्याची शंका येत नाही. अशा गाठीतून पुष्कळदा दह्यासारखा घट्ट पांढरट पदार्थ येतो. काचेवर विशिष्ट पेशींचे समूह, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आणि मृत ऊतीचा चुरा दिसतो. झील-नीलसन रंगाने तांबड्या काड्यांसारखे जंतू दिसले तर शंका उरत नाही. पण ते प्रत्येक नमुन्यात दिसत नाहीत.

म्हणून अशा वेळी नमुन्याचा काही भाग काचेवर न टाकता निर्जंतुक नळीत, थोड्या सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट चाचणीसाठी पाठवतात. ही यंत्र-चाचणी सुमारे दोन तासांत जंतूचा अंश ओळखते आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, तेही सांगते. ज्या गाठींत जंतू संवर्धनात उगवतात, अशा 100 गाठींपैकी सुमारे 83 गाठी ही चाचणी पकडते. उरलेल्या तिच्या हातून सुटतात. तेव्हा सीबीनॅटमध्ये काही आढळले नाही, एवढ्यावरून क्षयरोग नाही असा निष्कर्ष काढू नये. द्रव माध्यमातील संवर्धनाला 42 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. या नळीत फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोल कधीही घालू नये. त्याने जंतू मरतात आणि संवर्धनाचा काही उपयोग राहत नाही. नमुना एकच, पण काचेचा नियम वेगळा आणि नळीचा नियम वेगळा. गोंधळ होतो तो येथेच.

गरौठ्याहून झाशीपर्यंत

आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी नमुना घेतला आणि काचपट्ट्या नातेवाइकांच्या हाती दिल्या, तर पुढील जबाबदारी काही तासांसाठी कुटुंबाची असते. अल्कोहोलमधील काचपट्ट्या बरणीसह नेणे सर्वांत चांगले. बरणी उभी राहील अशा डब्यात ठेवावी आणि झाकणावर चिकटपट्टी लावावी. बसमध्ये बरणी सांडण्याची भीती असेल, तर काचपट्ट्या अल्कोहोलमध्ये किमान अर्धा तास राहिल्यानंतर बाहेर काढून, कोरड्या करून डबीत ठेवून देता येतात; मात्र हे केंद्रातील कर्मचाऱ्यांनीच करून द्यावे आणि कागदावर तसे लिहावे. डबी नसेल तर दोन काचपट्ट्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना आगकाडीचे तुकडे ठेवून रबराने बांधतात, म्हणजे लेप घासला जात नाही. कागदी पाकिटात घालून खिशात ठेवलेली काच तुटते.

एक सूचना फार थोड्यांना ठाऊक असते. हवेत सुकवलेल्या काचपट्ट्या आणि फॉर्मॅलिनची बाटली एकाच पिशवीत ठेवू नयेत. फॉर्मॅलिनची नुसती वाफ बंद झाकणातूनही निसटते आणि लेपातील पेशींचा रंग बिघडवते. मग चांगला घेतलेला नमुनाही हिरवट-निळसर डागासारखा दिसतो. घरातील दुसऱ्या कोणाच्या शस्त्रक्रियेचा तुकडाही त्याच फेरीत न्यावयाचा असेल, तर तो वेगळ्या पिशवीत, वेगळ्या हाताने न्यावा. सलाइनमधील नळी बर्फाच्या पिशवीसोबत, सावलीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी.

झाशीतील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय 1968 पासून आहे. वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण स्वतः गेल्यास नमुना तेथेच घेतला जातो, आणि पहिला लेप लगेच रंगवून पेशी पुरेशा आहेत की नाहीत हेही पाहता येते. ज्या रुग्णाला प्रवास झेपतो त्याने काचपट्ट्या पाठवण्यापेक्षा स्वतः जाणे अधिक हिताचे. कापणी-पेरणीच्या दिवसांत हे अवघड असते. तरीही काचपट्टी पाठवून नमुना अपुरा ठरला, तर दोन फेऱ्या होतात आणि मजुरी दोनदा बुडते, याचाही हिशेब करावा.

अहवाल हाती आल्यावर

अहवालात ‘नमुना अपुरा’ असे शब्द असतील, तर त्याचा अर्थ ‘आजार नाही’ असा मुळीच होत नाही. काचेवर वाचण्याजोग्या पेशी आल्या नाहीत, एवढेच त्यातून कळते. हा कागद घरी फाइलला लावून निश्चिंत होणे हा या तपासणीतील सर्वांत मोठा धोका आहे. अशा वेळी सुई पुन्हा, गरज वाटल्यास सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली, घालावी लागते. किंवा जाड सुईने ऊतीचा तुकडा काढतात.

स्तनातील गाठीचे निदान केवळ या अहवालावर ठरवत नाहीत. हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि पेशींचा अहवाल हे तिन्ही जुळले तरच निर्णय होतो. एकही विसंगत असेल तर ऊतीचा तुकडा तपासतात. अनेक ठिकाणी आता स्तनासाठी थेट जाड सुईचीच तपासणी सुचवतात, कारण पुढील औषधयोजना ठरवण्यास ऊतीचा तुकडा लागतो. थायरॉइडच्या अहवालात 1 ते 6 असा वर्ग लिहिलेला असतो. त्याला बेथेस्डा पद्धती म्हणतात. पहिला वर्ग म्हणजे अपुरा नमुना, दुसरा निरुपद्रवी गाठ, सहावा कर्करोग. मधल्या वर्गांत निरनिराळ्या प्रमाणात शंका असते. येथे या तपासणीची एक मर्यादाही समजून घ्यावी. थायरॉइडच्या काही गाठी कर्करोगाच्या आहेत की नाहीत, हे त्यांचे आवरण भेदले गेले आहे का यावरून ठरते. सुईतून आलेल्या सुट्या पेशींत आवरण दिसत नाही, म्हणून ती गाठ काढूनच पाहावी लागते. तंबाखू, गुटखा किंवा बिडीची सवय असलेल्या माणसाच्या मानेत कडक, दुखत नसलेली गाठ आढळल्यास तोंडाची आतील तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. मूळ जखम पुष्कळदा जिभेखाली किंवा गालाच्या आत असते.

क्षयरोग ठरल्यास औषध मोफत मिळते. मानेतील गाठींसाठी उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. रुग्णाची नोंद निक्षय प्रणालीत होते, आणि निक्षय पोषण योजनेखाली आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपये करण्यात आली आहे. चौकशीसाठी 1800-11-6666 हा निःशुल्क क्रमांक आहे.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाठ लहान होण्याऐवजी मोठी होते, किंवा शेजारी नवी गाठ उठते, असे काही रुग्णांत घडते. शरीराची प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्याची ती सूज असते. सुईने गाठ चाळवली आणि म्हणून वाढली, किंवा औषध लागू पडले नाही, असे समजून कोणीही गोळ्या थांबवू नयेत. गाठ वाढली, मऊ झाली किंवा फुटली तर आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथे आवश्यकता वाटल्यास पुन्हा सुईने नमुना घेऊन जंतू औषधाला दाद देतात की नाही हे तपासतात, आणि त्यासाठी पहिल्या तपासणीचा अहवाल व काचपट्ट्यांचा क्रमांक लागतो. काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे असल्यास त्या रीतसर अर्ज करून मागता येतात. म्हणून तो क्रमांक औषधाच्या कार्डाच्या मागील बाजूस लिहून ठेवावा.